दुसरी वीट

माझ्या सासऱ्यांना चहा हवा असला की ते सुरतेला फोन लावायचे.

हसू नका, खरंच सांगतेय. नवरा सुरतेला कापडाच्या मिलमध्ये नोकरीला. मी इकडे सासरी, धुळ्यापासून रिक्षाने जाता येईल अशा गावात. सासरे ओट्यावर, मी स्वयंपाकघरात, मध्ये एक भिंत. तर आबा मुलाला फोन लावणार, मग मुलगा मला फोन लावणार, "आबांना चहा दे." मी चहा करून उंबऱ्याशी ठेवणार, बशी वाजवणार आणि आत सरकणार. मग आबा खाकरून येणार आणि कप उचलून नेणार. भिंतीपलीकडच्या माणसाला चहा द्यायला गुजरातेतून परवानगी यायची.

कारण आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नाही. आमच्याकडे म्हणजे सासरी. माझं माहेर पहूरचं, तिथे माझी आई माझ्या आजोबांशी चांगली भांडायची. इथे मात्र सासरा समोर आला की डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. सासूबाई घरात असल्या की निरोप त्यांच्यामार्फत जायचे, त्या नसल्या की सुरतेमार्फत. आणि मी कोण, तर धुळ्यातल्या शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवणारी बाई. दिवसभर घसा कोरडा होईस्तोवर बोलायचं, आणि गावाच्या फाट्यावर रिक्षातून उतरलं की पर्समधून पिन काढून पदर डोक्यावर टोचायचा. लग्नाला सहा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात आबा माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, मीही नाही. भांडण नव्हतं हो. रीत होती.

भांडण नंतर झालं, तेही सुरतेमार्फतच. मला नवऱ्याकडे राहायला जायचं होतं. दोन खोल्यांची जागा त्याने बघून ठेवली होती, तिथल्या एका मराठी शाळेत माझ्यासाठी शब्दही टाकला होता. आबांनी फोनवर त्याला सांगितलं की घरात माणूस नको का, म्हशींकडे कोण बघेल. झालं. नवऱ्याने मला सांगितलं, "थांबू या एखादं वर्ष." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायचं कुणाशी? ज्याने नाही म्हटलं त्याच्याशी मी बोलूच शकत नव्हते. मग मी भांडी आपटली. आमच्याकडे सुनेला तेवढं चालतं.

हे सगळं गेल्या हिवाळ्यातलं. धुळ्याकडची थंडी ज्याने सोसली त्यालाच माहीत, सकाळी नळाला हात लावला की बोटं आपली राहत नाहीत. नणंदेचं दुसरं बाळंतपण जळगावला तिच्या घरी होतं, म्हणून सासूबाई तिकडे गेल्या होत्या. जाताना डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी आणि आमच्या घरातली गरम पाण्याची एकुलती एक रबरी पिशवी घेऊन गेल्या. बाळंतिणीला शेक लागतो, त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

त्या रविवारी सकाळी मी कणीक चाळत होते आणि नवऱ्याचा फोन आला, "आबा गोठ्यात अडकलेत, बघ जरा." मला वाटलं दार अडकलं असेल. जाऊन बघते तर म्हशींच्या ढेपेचं पोतं उचलताना कंबर धरली होती. अर्धे वाकलेले, एक हात म्हशीच्या पाठीवर, दुसऱ्या हातात फोन. ना सरळ होता येतंय, ना बसता येतंय. मी हाकेच्या अंतरावर होते. पण त्यांनी आधी सुरतेला कळवलं होतं.

मी शेजारच्या घरातल्या दोघांना हाक मारली, त्यांनी आबांना उचलून आतल्या खोलीत खाटेवर पालथं टाकलं. गावातले डॉक्टर मोटरसायकलवरून आले, सुई टोचली, गोळ्या दिल्या आणि सांगून गेले, "कंबरेला चांगला शेक द्या. दिवसातून दोन-तीनदा." शेक कोणी द्यायचा ते काही सांगितलं नाही. शेजारचे दोघे कापसाच्या गाडीबरोबर जायचे होते, ते गेले. आबांची थोरली बहीण, जिला सगळं घर फुई म्हणतं, दोन घरं सोडून राहते. ती एका वर्षश्राद्धाला दुसऱ्या गावी गेली होती. घरात उरले आबा आणि मी.

पिशवी नव्हती, म्हणून विटा. न्हाणीच्या चुलीत पाणी तापतच होतं. त्याच्या निखाऱ्यात मी दोन अर्ध्या विटा सरकवल्या. माझी आई असाच शेक द्यायची. वीट तापवायची, जुन्या कापडाच्या चार घड्यांत गुंडाळायची, आधी स्वतःच्या मनगटाच्या वर आतल्या बाजूला टेकवून बघायची आणि मगच दुसऱ्याच्या अंगाला लावायची. आपल्याला सोसवलं तर त्याला सोसवेल. पहिली वीट मी अशीच हातावर पाहिली.

खोलीत गेले तेव्हा आबांचं तोंड भिंतीकडे होतं. त्यांची बंडी वर करायची होती. काय सांगू, लाजेने माझे कान गरम झाले. सासऱ्याचा चेहरा मी कधी धड पाहिला नव्हता आणि आता त्याची उघडी पाठ. मानेपर्यंत उन्हाने काळाकुट्ट झालेला माणूस आणि बंडीखाली एकदम गोरी, मऊ पाठ. मी दोन बोटांनी बंडी वर सरकवली, दुसरीकडे बघत वीट ठेवली आणि जवळजवळ पळतच बाहेर आले. तिथे उभं राहणं बरं दिसलं नसतं. आबांना नको झालं की ते खाकरतील, मी जाऊन वीट काढेन, असं मी मनाशी ठरवलं होतं. त्यांनीही बहुतेक तेच ठरवलं असणार. बोललं कोणीच नव्हतं.

थोड्या वेळाने खाकरण्याऐवजी फोन वाजला. नवरा.

"आबा म्हणताहेत वीट कोमट होती. जरा नीट तापव."

कोमट! माझं डोकंच सटकलं. सकाळपासून धावतेय, म्हशींचं शेण मी काढलं, धार मी काढली, लाज गुंडाळून पाठीवर वीट ठेवून आले, आणि या माणसाची तक्रार सुरतेहून माझ्याकडे येतेय! मी म्हटलं, "तापवते हां चांगली." फोन ठेवला. दुसरी वीट निखाऱ्यात होतीच, तिच्यावर आणखी दोन काटक्या घातल्या आणि फुंकणीने फुंकून जाळ केला. फुंकताना माझ्या मनात काय काय चाललं होतं ते लिहिण्यासारखं नाही. मग वीट चिमट्याने काढली, कापडात गुंडाळली. हातावर पाहिली नाही. विसरले असं मला म्हणता आलं असतं. विसरले नव्हते. कोमट नको ना, मग घ्या, असं वाटलं होतं.

जाऊन ठेवली. जरा जोरातच ठेवली. आणि बाहेर येऊन कणीक मळायला बसले.

खाकरणं ऐकू आलं नाही. मी म्हटलं, आता लागली वाटतं मनासारखी. कणीक मळून झाली, तेलाचा हात फिरवला, भाजीला फोडणी घातली. तरी काही नाही. मग कापड करपल्यासारखा वास आला. आधी मी तव्याकडे बघितलं. तवा अजून ठेवलाच नव्हता.

खोलीत गेले तर आबांनी उशीचं टोक दातांत धरलं होतं आणि दोन्ही मुठींत खाटेची दोरी. वीट उचलली तर कापडातूनही माझी बोटं पोळली, तेव्हा मला कळलं मी काय ठेवून गेले होते. खाली तळहाताएवढी कातडी लालबुंद होऊन मध्ये पांढरी पडलेली. कंबर धरलेल्या माणसाला कूस वळवता येत नाही. खाकरायला जावं तर पाठीत सुरी फिरल्यासारखं होतं, म्हणून तेही नाही. फोन मघाशी बोलताना हातातून निसटून खाटेखाली गेला होता, तो तिथेच पडला होता. पण तोंड तर होतं ना! "अरे", "ए", "मेलो", काहीही ओरडायचं. मी दहा पावलांवर होते.

भाजल्यावर काय करावं हे मी वर्गात पोरांना शिकवते. माठ उचलून आणला आणि तांब्या-तांब्याने पाठीवर पाणी सोडत राहिले. हिवाळ्यातलं माठाचं पाणी, आबा थडथड उडायला लागले. अंथरूण भिजलं, खाट भिजली, जमिनीवर तळं झालं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि कमाल बघा, त्यातही मी तोंड उघडलं नाही. "आबा, फार भाजलं का हो" एवढंही नाही. तेही नुसते "हां... हां..." करत होते. भिजलेल्या खोलीत आम्ही दोघं, आणि डोक्यावरचा पदर मी मध्येच एकदा सावरला होता, हे मला चांगलं आठवतं.

तेवढ्यात फुई आली. श्राद्धाहून परतताना भाऊ आजारी असल्याचं फाट्यावरच कळलं होतं तिला.

"माय वं! काय करी टाकं वं हाई! मना भाऊले जाळी टाकं!"

गल्ली गोळा झाली. पाणी ओतलं म्हणूनच फोड येणार, हे फुईने तिथेच जाहीर केलं. टूथपेस्ट लावा म्हणाली, कोणी म्हणालं शाई लावा. मी आडवी उभी राहिले, कोणाला हात लावू दिला नाही. त्याचा अर्थही वेगळाच निघाला. डॉक्टर परत आले, पाणी टाकलं ते बरंच केलं म्हणाले, मलमपट्टी केली. त्यांचं कोण ऐकतंय? फुईने तोवर गणित मांडून ठेवलं होतं. सुनेला सुरतेला जायचं होतं, सासऱ्याने जाऊ दिलं नाही, सासू घरात नाही हे बघून सुनेने दावा साधला. ऐकणाऱ्याला पटकन पटेल असं गणित होतं ते. माझ्या एखाद्या मैत्रिणीच्या घरी असं घडलं असतं तर मलाही पटलं असतं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. मला वाटलं विचारेल, घाबरलीस का. त्याने विचारलं, "रागात केलंस का?"

"तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं.

तो म्हणाला, "मी आणि आई उद्या पोचतो. मग तू थोडे दिवस पहूरला जाऊन ये."

थोडे दिवस! आमच्या भागात अशा वेळी माहेरी पाठवलेल्या बाईचे थोडे दिवस कधी संपतात ते सगळ्यांना माहीत असतं. सासऱ्याला भाजणारी म्हणून मी पहूरला उतरणार, आईला काय सांगणार, शाळेत काय सांगणार. सगळं एका माणसाच्या जिभेवर होतं. आबांनी एवढं म्हणायचं होतं की तिने मुद्दाम केलं नाही. पण त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. फुई त्यांच्या उशाशी बसून विचारत होती आणि ते पालथे, डोळे मिटून. त्या रात्री मी त्यांचा फार राग राग केला. आणि मध्येच चिमट्यात धरलेली ती वीट डोळ्यांपुढे यायची आणि राग कुठे ठेवावा ते समजेना. मुद्दाम केलं नाही हे मी कुठल्याही देवासमोर सांगू शकले असते. रागात केलं नाही हे नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे आले. सासूबाई जळगावहून, बाळंतीण तशीच सोडून. नवरा सुरतेहून, दाढी वाढलेली, माझ्याकडे न बघणारा. आबांच्या खोलीतच सगळे बसले. फुई, शेजारचे ते दोघे, त्यांच्यातल्या एकाची बायको. मी दारात, पदर कपाळापर्यंत, पायाशी भरलेली बॅग. फुईने पहिल्यापासून सगळं सांगितलं. माझ्या भांडी आपटण्याचंही सांगितलं. शेवटी सासूबाई खाटेजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा. काय झालं?"

आबांनी उशीची कड चाचपली. मग भिंतीकडे तोंड करूनच, चूक स्वतःवर घेत म्हणाले, "चूक मनी शे. तिनी नही. चटका बसना तवय मी हाक मारी नही."

"का मारी नही रे?" फुईचा आवाज चढला. "तोंड नव्हतं का तुले?"

"काय म्हनीसन मारू?" आबा म्हणाले. "सहा वरीस व्हई ग्यात. तिले काय म्हनानं, हाई माले कोन्ही सांगंच नही."

सुनेला काय म्हणून हाक मारायची, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मग शेजारच्याची बायको पदराआड फस्सकन हसली. शेजारीही हसला. फुईसुद्धा कपाळावर हात मारून हसायला लागली, म्हणाली, पाठ जळाली पण सुनेला हाक मारवली नाही, असा कसा रे तू. आबांचे कान लाल झाले होते. पासष्टीचा माणूस, गावात चार लोक ज्याला विचारून कामं करतात तो, सगळ्यांसमोर उघड्या पाठीने पडून आपलं हसू करून घेत होता. माझ्यासाठी. नवऱ्याने एकदाचा माझ्याकडे बघितलं, त्याचा जीव भांड्यात पडल्याचं त्याच्या तोंडावर दिसत होतं. सासूबाईंनी येऊन बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली. मी सुटले होते.

आणि मला ते सोसेना. मी पुढे झाले. तोंडातून आवाज निघाला तो माझा मलाच परका वाटला.

"आबा, ती दुसरी वीट मी हातावर..."

आबांनी मान वळवली. किती दुखलं असेल ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं आणि मला कळलं की त्यांना ठाऊक आहे. पहिली वीट कशी ठेवली होती आणि दुसरी कशी, हे त्या पाठीला कोणी सांगायची गरज नव्हती.

"तू चूप ऱ्हाय!" ते माझ्यावर ओरडले.

सगळ्यांना वाटलं, सून मध्ये बोलली म्हणून सासरा खेकसला. फुई म्हणाली, बघा, बोलायला लागला एकदाचा, आणि परत हसणं झालं. सगळे माझ्याकडे बघत होते. वाक्य पुरं करायला मला चार शब्द लागले असते.

मी गप्प बसले. या घरात बोलू देत नाहीत म्हणून सहा वर्षं मनातल्या मनात जळणारी मी, त्या दुपारी कोणीतरी मला गप्प बस म्हणालं म्हणून सुटकेचा श्वास सोडला.